आधी गोळा घ्या, बोट मग बघू

नागपुरात सक्करदऱ्याला माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. मार्च ते जून कुलरचा सीझन. त्या चार महिन्यांत दुकानात येणाऱ्या दहा पंपांपैकी सातांचं दुखणं एकच असतं, आत पाणी शिरलं. पाण्याचं आणि मोटरीचं किती पटतं हे ज्याला रोज दिसतं, त्याने तलावात सोडायची बॅटरीवरची बोट साडेअठरा हजारांना का घ्यावी, हा प्रश्न घरून आलाच. वर तेरा हजारांचा सोनारचा गोळा, म्हणजे पाण्याखालचा तळ आणि मासोळी फोनवर दाखवणारं यंत्र. एवढ्या पैशांत किती वर्षं दर रविवारी बाजारातली मासोळी आली असती, याचा हिशेब बायकोने कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला आहे.

दोन्ही वस्तू मागच्या दिवाळीच्या आधी घेतल्या. आठ महिने वापरल्या. कंपनीचं नाव टाकत नाही, कारण ही एकच बोट मला तीन ठिकाणी तीन नावांनी दिसली, आणि ज्या विकणाऱ्याशी माझं वाजलं त्याच्याशी पुन्हा वाजवायचं नाही.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी. बोट म्हणजे दोन फुटांची प्लास्टिकची नाव, मागे दोन छोटे पंखे, मधोमध चाऱ्याचे दोन कप्पे. कप्प्यात चारा भरायचा, गळ त्याच चाऱ्यात ठेवायचा, रीळ मोकळी सोडायची आणि रिमोटने बोट हवी तिथे न्यायची. बटण दाबलं की कप्प्याचं झाकण खालून उघडतं. चारा आणि गळ एकाच जागी पाण्यात. बोट परत, आपण काठी धरून बसलेले.

याची गरज काय, असं मलाही वाटायचं. पण आपल्याकडे रोहू-मिरगलसाठी गळाला लावतो ती कणकेची गोळी. ती जोरात फेकली की गळ एकीकडे आणि गोळी दुसरीकडे. घट्ट मळली तर टिकते, पण मासोळी तोंड लावत नाही. मऊ मळली तर वीस-पंचवीस मीटरच्या पुढे जात नाही. त्यात काठावर बेशरमाची झुडपं आणि पुढे शेवाळ असलं की संपलंच. मऊ गोळी ऐंशी मीटरवर अलगद नेऊन ठेवणं हे या बोटीचं खरं काम आहे, आणि ते काम ती करते. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे बऱ्याच शिव्या आहेत.

पहिल्या दिवशी उमरेड रोडच्या बाजूच्या एका लघुसिंचन तलावावर गेलो. नाव सांगणार नाही. तलावाचा ठेका मच्छीमार संस्थेचा आहे, मला ओळखीवर बसू देतात. चार गाड्या जास्त दिसल्या की माझीही परवानगी जाईल. सोबत भाचा होता, कारण रिमोट मला समजतो पण फोनमधलं अ‍ॅप नाही. आदल्या रात्री शेंगदाण्याची ढेप भिजवली, त्यात भाजलेल्या चण्याचं पीठ, थोडी कणीक आणि भाजून कुटलेली मेथी. वीस वर्षांचा माझा हाच चारा. मेथी मिक्सरमधून काढली हे घरी कळलं, तो विषय वेगळा.

बोट झकास निघाली. साठ-पासष्ट मीटरवर गेली, मी बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. बोट तिथेच गोल फिरते आहे आणि चारा जिथल्या तिथे. परत आणून पाहतो तर झाकण उघडलेलं आहे, आणि ढेप तशीच्या तशी कप्प्याला चिकटून उलटी लटकते आहे. छतावर पाल असते ना, तशी.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. या बोटींचं चलन मुळात युरोपातलं, तिथे कार्प जातीचे मासे पकडणाऱ्या लोकांचं. त्यांचा चारा म्हणजे अंड्यात मळून उकडलेल्या कडक गोळ्या, कंच्यासारख्या. कप्पा उघडला की घरंगळून खाली जातात. आमच्या ओल्या ढेपेचा विचार तिथल्या कोणत्या बापाने केला असणार! उपाय मात्र दोन रुपयांचा निघाला. ढेपेचे लिंबाएवढे लाडू करायचे, ते गव्हाच्या कोरड्या कोंड्यात घोळायचे, कप्प्यालाही आतून मूठभर कोंडा फासायचा. गळ सगळ्यात शेवटी, वरून. खाली ठेवला तर झाकणाच्या फटीत त्याचं टोक अडकतं आणि बोट परत येताना आपल्यालाच पकडून आणते. हे पुस्तिकेत नाही. पुस्तिकेत "आनंद घ्या" असं लिहिलेलं आहे, तेही दोनदा.

दुसरा झटका बॅटरीचा. ७.४ व्होल्ट, ५२०० मिलीअँपिअर-तास. जाहिरातीत दोन तास. शांत पाण्यात मला सव्वा तास मिळाला, वाऱ्यात पन्नास मिनिटं. दोन मोटरी ओढणार किती आणि बॅटरीत आहे किती हा गुणाकार मला दुकानात बसूनच करता आला असता. हौसेपुढे गुणाकार चालत नाही. पल्ला पाचशे मीटर म्हणतात. असेलही, पण शंभर मीटरच्या पुढे बोटीचं तोंड कुठे आणि शेपूट कुठे हेच दिसत नाही. मी नाकावर भगवी रिबन बांधली तेव्हा कुठे अंदाज यायला लागला. आणि रिमोट उभं राहून, छातीशी धरून चालवा. काठावर उकिडवं बसून चालवला की पाण्यालगत लहर मरते. बोट अडखळते आणि आपल्याला वाटतं मोटर गेली.

मोटर गेलीच, पण ती नोव्हेंबरात. तलावाच्या एका अंगाला इकोर्निया, म्हणजे जलपर्णी आहे. अंबाझरीवर पसरलेला आपण सगळ्यांनी पाहिला आहे, तोच. वाऱ्याने त्याचा एक तुकडा सुटून आला, बोट त्यात शिरली, डाव्या पंख्यात मुळ्या आणि त्यावर माझाच तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी. मी घाबरून मागे-पुढे मागे-पुढे केलं, म्हणजे जे करू नये तेच. जळका वास आला नाही, कारण वास साठ मीटर अलीकडे येत नाही. पण पंखा अडकलेल्या मोटरीला करंट देत राहिलं की काय होतं हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो.

विकणाऱ्याला फोन केला. त्याने फोटो मागवले, पाठवले. चार दिवसांनी उत्तर: आतमध्ये पाणी गेल्याच्या खुणा आहेत, वॉरंटी लागू नाही. मी म्हटलं, "दादा, ही बोट आहे." तो म्हणाला, "सर, पॉलिसी आहे." याच्या पुढे मी बोललो नाही.

उघडली घरीच. आत पाहून राग कमी आणि कीव जास्त आली. साध्या ब्रशच्या मोटरी, खेळण्यातल्या गाडीत असतात त्या घराण्यातल्या. पंख्याचा दांडा जिथून बाहेर येतो त्या पितळी नळीत ग्रीस भरलेलं हवं, तेच पाणी अडवतं. माझ्या बोटीत डाव्या नळीत नखाएवढं ग्रीस, उजव्यात तेवढंही नाही. झाकणाच्या खाचेत रबरी दोरी होती, पण दोन टोकं जिथे मिळतात तिथे गव्हाचा दाणा जाईल इतकी फट. मोटर बदलली, नळ्या पाण्याला न विरघळणाऱ्या ग्रीसने ठासून भरल्या, फटीत सिलिकॉन. साडेतीनशे रुपये आणि एक संध्याकाळ. तेव्हापासून आत थेंब नाही. पण वाइंडिंगवाला नसलेल्या माणसाने काय करायचं? घेतलीच तर पाण्यात टाकायच्या आधी उघडा, ग्रीस भरा, आणि मग घरच्या ड्रममध्ये वर वजन ठेवून अर्धा तास बुडू पाहू द्या. मी हे आधी केलं असतं तर त्या विकणाऱ्याचा आवाज ऐकावा लागला नसता.

आता गोळा.

लहान संत्र्याएवढा, शंभर ग्रॅमच्या आसपास. पाण्यात पडला की आपोआप चालू होतो आणि वायफायने फोनवर चित्र पाठवतो. आत आवाज काढणारी चकती आहे. आपल्याला ऐकू न येणारा आवाज ती खाली सोडते आणि परत आलेला प्रतिध्वनी मोजते. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर जातो. सहा मीटर खोल पाण्यात खाली जाऊन वर यायला त्याला एका सेकंदाचा सव्वाशेवा भाग लागतो. तेवढ्यात ते यंत्र तळ कुठे आणि मधे काय हे सांगतं. वाइंडिंगवाल्याने एखाद्या यंत्रापुढे हात जोडावेत असे प्रसंग कमी येतात. हा एक.

पण चित्र वाचायला शिकावं लागतं. अ‍ॅपमध्ये माशाचं चिन्ह दाखवायची सोय असते. ती पहिल्याच दिवशी बंद करा. त्याला पाण्यात तरंगतं काहीही मासोळीच वाटतं: शेवाळाची काडी, बुडलेलं पान, बुडबुडे. मे महिन्यात आमच्या तलावावर त्याने इतक्या मासोळ्या दाखवल्या की भाचा उड्या मारायला लागला. चिन्हं बंद करून पाहिलं तर तळापासून वर तिरप्या रेघा. गाळ तापला की त्यातून वायूचे बुडबुडे वर येतात, ते ते होते. खरी मासोळी आवाजाच्या झोतातून आडवी गेली तर कमान उमटते. गोळा एका जागी आणि मासोळीही एका जागी असली तर लांबच लांब सरळ रेघ. रेघ लांब म्हणून मासोळी मोठी नव्हे, ती फक्त बराच वेळ तिथे आहे.

झोताचंही गणित आहे. माझ्या गोळ्यात दोन झोत, एक ५५ अंशांचा रुंद आणि एक १५ अंशांचा अरुंद. चार मीटर खोलीवर रुंद झोत तळाचं चार मीटरचं वर्तुळ पाहतो, अरुंद झोत जेमतेम एक मीटरचं. रुंद झोतात मासोळी दिसली म्हणजे ती गोळ्याच्या खालीच आहे असं नाही. तळ शोधायचा तर अरुंदच लावा. कठीण तळ ठळक उमटतो, आणि उथळ पाण्यात त्याच्याखाली तेवढ्याच अंतरावर दुसरी पुसट रेघ येते, कारण आवाज तळावर आपटून वर येतो, पाण्याच्या पृष्ठावरून परत खाली जातो आणि पुन्हा वर येतो. ती दुसरी रेघ दिसली की समजा खाली मुरूम किंवा दगड. गाळावर ती येत नाही.

गोळा बोटीला बांधायचा तर मागे बांधू नका. पंख्याचे बुडबुडे सगळं चित्र खातात. मी नाकावर फूटभर बांबूची काडी लावून पुढे लटकवला. फोन आणि रिमोट एका हातात धरू नका. दोघांच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्याच, माझ्याकडे चित्र तुटायचं. फोन भाच्याकडे, रिमोट माझ्याकडे, मधे पाच-सहा पावलं. मग आम्ही दोघं तलावाच्या काठाने ओरडत चालतो, "मामा डावीकडे, डावीकडे!" मासोळी यामुळे पळत असेल तर दोष बोटीला देता येणार नाही.

त्या तलावावर संस्थेचे एक काका आहेत. ढिवर, सत्तरीच्या पुढचे, अजून स्वतः डोंगा काढतात. नोव्हेंबरात माझी अडकलेली बोट त्यांनीच आणून दिली होती आणि शंभर रुपये घेताना म्हणाले होते, "भाऊ, पोरासाठी आनलं काय हे?" डिसेंबरात आम्ही तळ मोजत होतो तेव्हा ते पाळीवर येऊन बसले. मी विचारलं, काका, इथून पूर्वी नाला कुठून जायचा? नाल्याचं जुनं पात्र खोल असतं, मिरगल तिथे सापडतो, हे सगळ्या गळवाल्यांना माहीत आहे. त्यांनी पळसाच्या दोन झाडांच्या मधून बोट दाखवलं. "इथूनच. तलाव बांधला तवा मी शाळंत होतो."

बोट तिथे नेली. ३.२ मीटर. अलीकडे ३.१, पलीकडे ३.२. सपाट, आणि दुसरी रेघ नाही. मी म्हटलं, काका, इथे नाला नाही. ते काही बोलले नाहीत. डोंगा काढला, नेमके तिथे गेले आणि बांबू खाली सोडला. बांबू तळाला टेकला, मग त्यांनी दोन्ही हातांनी रेटा दिला आणि तो आणखी दीड हात आत गेला. बाजूला चार वल्ही मारून तसंच केलं, तिथे वीतभरही जाईना. "नाला हाय," म्हणाले, "पन गाळानं बुजला. तुह्या गोळ्याले गाळाच्या वरचंच दिसते."

दोघांचंही बरोबर होतं. मला ते कबूल करायला वेळ लागला, त्यांना लागला नाही. ते लगेच दुसऱ्या गोष्टीकडे वळले. "मासोळी मले समजते कुठं असन ते. खुटं समजत नाई. याच्यात खुटं दिसतात काय?"

तलाव भरला तेव्हा झाडं वरून तोडली, खाली बुंधे तसेच राहिले. पाणी उतरत जातं तसं त्यांचं जाळ्याशी वैर सुरू होतं. एकेका खुटावर किती जाळं फाटलं हे ते बोटांवर मोजून दाखवत होते. मग बोट बाजूला ठेवली. गोळा डोंग्याच्या शेजारी दोरीने धरला, भाचा फोन घेऊन डोंग्यात बसला आणि त्यांनी अडीच तास तलाव आडवा-उभा विंचरून काढला. गोळ्यात जीपीएस आहे, त्यामुळे फोनवर खोलीचा नकाशा तयार होत जातो. तळातून उभी, ठळक, जागची न हलणारी गाठ दिसली की तिथे विटेला दोरी आणि दोरीला रिकामी पाण्याची बाटली. अकरा बाटल्या लागल्या. त्यातल्या दोन खुटांचा काकांनाही पत्ता नव्हता. त्याच नकाशात गेटकडच्या अंगाला मला एक खोल पायरी मिळाली, ४ वरून एकदम ५.१ मीटर, खाली मुरूम. काठापासून जेमतेम बावीस मीटर.

बावीस मीटर. म्हणजे हाताने गळ टाकता येईल एवढंच. जानेवारीपासून मी तिथे बसतो, बोट न काढता. आजवरचे माझे सगळ्यात चांगले दोन मिरगल तिथलेच, एक दोन किलोच्या वर. साडेअठरा हजारांची बोट गाडीच्या डिक्कीत होती तेव्हा.

म्हणून सांगतो, पैसे एकाच वस्तूचे असतील तर गोळा घ्या. तळ कळला की अर्ध्या वेळा लांब टाकायची गरजच राहत नाही. बोट मग, जमलं तर. आणि कटल्यासाठी बसत असाल तर बोटीचा नादच सोडा. कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं, तो वरच्या थरातलं खातो. रोहू मधल्या थरातला, मिरगल तळाचा. बोट चारा टाकते तो सरळ तळाला जातो. तिथे मिरगल मिळेल, सायप्रिनस (कॉमन कार्प) मिळेल, कटला वरून बघत निघून जाईल. चारा भुगा करून सोडला आणि गळ फ्लोटला टांगला तर थोडं जमतं, पण मग वारा फ्लोट घेऊन जातो आणि बोटीने नेमकी जागा साधल्याचा फायदा पाण्यात. रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर मी हेच करून पाहिलं. मोठं पाणी, दुपारी वारा, त्यात पर्यटकांच्या मोटरबोटींच्या लाटा. दोनदा बोट उलटता उलटता राहिली. तिथे फक्त सकाळी आठच्या आत.

उन्हाळ्याचं वेगळं सांगतो, कारण हा प्रश्न पुण्यावाल्यांना पडणार नाही. नागपूरच्या मे महिन्यात फोन दहा मिनिटांत "तापलो" म्हणून बंद पडतो आणि सोनार असून नसल्यासारखा. ओलं दुपट्टं फोनवर टाकून त्याखाली डोकं घालून बघावं लागतं, जुन्या फोटोवाल्यासारखं. बोटीची लिथियम बॅटरी तापलेली असताना चार्जिंगला लावू नका. ४५ अंशांच्या वर या बॅटऱ्या चार्ज करायच्या नसतात, आणि बंद गाडीत ते तापमान अकरा वाजताच होतं. माझी एक बॅटरी अशीच फुगली. चूक माझी. त्या मेच्या रविवारी आम्ही पहाटे पाचला जाऊन साडेआठला परत आलो, आणि येताना तर्री-पोहे सोडून काहीही हाती लागलं नव्हतं.

परवानगीचं तेवढं पाळा. बहुतेक तलाव कोणा ना कोणा मच्छीमार संस्थेकडे ठेक्याने आहेत, त्यांना विचारा, पैसे द्या, पावती घ्या. तोतलाडोहचं नावही काढू नका, तो पेंचचा व्याघ्र प्रकल्प आहे, तिथे मासेमारी बंद. आणि कप्पा मोठा आहे म्हणून फेरीला किलोभर ढेप ओतू नका. मासोळीने खाल्ली नाही तर ती तळाला सडते आणि पाण्यातला प्राणवायू खाते. लहान तलावात हे पाप चटकन दिसतं. विलायतेत कित्येक खासगी तलावांवर या बोटींना बंदीच आहे. तिथे काहींना हा खेळ राहत नाही असं वाटतं. मला इतकं वाटत नाही. बटण दाबून चारा पडतो, मासोळी बटण दाबून लागत नाही. तासन्‌तास मी तसाच बसलेलो असतो.

बोट सध्या दुकानात वरच्या फळीवर आहे, कुलरच्या पंपांच्या रांगेत. उजव्या मोटरीचे ब्रश झिजलेत, सीझन संपला की बदलीन. परवा एका गिऱ्हाइकाने तिच्याकडे बोट दाखवून विचारलं, हे मॉडेल कितीचं, डेझर्ट कुलरला चालेल का?

गोळा तिथे नाही. पाणी उतरलं, आणखी खुटं वर आली, म्हणून पंधरा दिवसांपूर्वी काका तो मागून घेऊन गेले. काल दुपारी कुलर उघडून बसलो होतो तेव्हा त्यांच्या नातवाच्या फोनवरून कॉल आला. "भाऊ, ह्या गोळ्याची पिन कुठून लावाची?"